थर्माकोलमधले सासरे

बोगुमिल सारनानं आजवर स्वतःच्या हातानं एकच वस्तू बनवली होती, ती म्हणजे तीन पायांचं स्टूल. (बनवायला घेतलं तेव्हा ते चार पायांचं होतं.) असा माणूस मे महिन्यातल्या एका रविवारी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून म्हणतो, "घराला थर्माकोल मी स्वतः लावणार, गवंडी-बिवंडी काही नको!" तेव्हा घरच्यांनी ताबडतोब विषय बदलायला हवा. पण त्याची बायको लुत्सीना त्या दिवशी नेमकी खुशीत होती. ती म्हणाली, "खरंच, बोगुश? तू?"

त्या "तू"नंतरचं प्रश्नचिन्ह बोगुमिलच्या वर्मी लागलं. पुढची सगळी फजिती त्या एका प्रश्नचिन्हातून निघाली.

थर्माकोलचा विषय घरात आला तो एका चित्रामुळे. लुत्सीना शाळेत भूगोल शिकवायची. सुवाउकी शहराच्या पलीकडच्या त्यांच्या गावात थंडी ऑक्टोबरमध्ये मुक्कामाला येते आणि एप्रिलपर्यंत हलायचं नाव घेत नाही. त्यामुळे सहा महिने घराघरात कोळशाची भट्टी धडधडत असते, आणि अंगणात वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी करडा होऊन घरात येतो. लुत्सीना वर्गात हवा, धूर, कार्बन, तापणारी पृथ्वी हे सगळं अगदी पोटतिडकीनं सांगायची. एकदा तिनं मुलांना सांगितलं, आवडत्या घराचं चित्र काढा. एका मुलीनं काढलं "आमच्या बाईंचं घर". खाली कोपऱ्यात चिमुकलं घर, शेजारी चिमुकल्या बाई, आणि उरलेला सगळा कागद काळाकुट्ट.

"हे वरचं काय गं?" लुत्सीनानं कौतुकानं विचारलं.

"तुमचा धूर, बाई."

त्या दिवशी लुत्सीना घरी आली ती नगरपालिकेचा फॉर्म घेऊनच. कोळशाची भट्टी काढून टाका, घराला बाहेरून थर्माकोलच्या जाड पाट्यांचं अस्तर लावा, विजेवर चालणारा हीट पंप बसवा, सरकार मदत करील. अट एकच. थंडी पडली की तपासनीस येऊन घर बघणार, आणि कामात खोट निघाली तर मदत रद्द.

विरोध होता तो फक्त वरच्या मजल्यावरून. उत्तरेच्या खोलीत लुत्सीनाची आई, तेक्लाबाई, राहायच्या. ते घर त्यांच्या नवऱ्यानं, फेलिक्सनं, तरुणपणी स्वतः विटा रचून बांधलं होतं. ठोकळ्यासारखं चौकोनी घर, पण एक वीट वाकडी नाही. फेलिक्स जाऊन दोन वर्षं झाली होती. (त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर शिक्का बोगुमिलनंच मारला होता. तो नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदींचा कारकून होता आणि नोंदींच्या बाबतीत नातं बघत नसे.) नवरा गेल्यापासून तेक्लाबाई बोलेनाशा झाल्या होत्या. एके काळी जिच्या जिभेला अख्खी गल्ली वचकून असायची, ती बाई आता "हो", "नको" आणि "बघू" एवढ्या तीन शब्दांवर दिवस काढत होती.

थर्माकोलचं ऐकून मात्र त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. "माझ्या फेलिक्सच्या भिंतींना गाद्या गुंडाळणार? हे घर आहे की टीव्हीचा खोका?"

"आई, घर ऊबदार होईल," बोगुमिल म्हणाला.

"तू बांधलेलं स्टूल पाहिलंय मी, जावईबापू," एवढं बोलून त्या खोलीत गेल्या आणि दार लागलं.

बोगुमिलचा चेहरा पडला. लुत्सीना मात्र आनंदानं त्याचा हात दाबत कुजबुजली, "ऐकलंस? दोन वर्षांत इतकं मोठं वाक्य बोलली नव्हती रे!"

जुलैत रजा काढून बोगुमिल कामाला लागला. थर्माकोलच्या पाट्यांचा ट्रक आला तेव्हा त्याला वाटलं, यात काय कठीण आहे? दाराएवढी पाटी एका बोटावर उचलता येते. वाऱ्यालाही ती एका बोटावर उचलता येते, हे त्याला पाच मिनिटांनी कळलं. पहिली पाटी शेजारच्या कॉर्नेलच्या तळ्यात जाऊन बदकांमध्ये पोहू लागली. दुसरी त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरली, तेव्हा ती बोगुमिलसकट गेली.

सुरुवात त्यानं मागच्या, उत्तरेच्या भिंतीपासून केली. प्रत्येक पाटीच्या पाठीवर चिकट लापीचे पाच गोळे ठेवायचे आणि पाटी भिंतीवर दाबायची. चार दिवसांत भिंत पांढरी झाली. शेवटची पाटी लागत असताना कॉर्नेल कुंपणाशी आला. तो स्वतः पंचवीस वर्षं बांधकामावर होता आणि दुसऱ्याचं काम बघताना त्याच्या चेहऱ्यावर नेहमी दातदुखीचे भाव असायचे.

"हे गोळे कसले रे? भिंतीला जेवायला वाढतोयस का?"

"लापीचे. पाटी चिकटवायला."

"अरे देवा! चारी कडांनी सलग पट्टा फिरवायचा असतो, आणि मध्ये तीन गोळे. नाहीतर मागे पोकळी राहते. भिंत ढोलासारखी वाजेल तुझी."

बोगुमिलनं भिंतीवर टकटक करून पाहिलं. खरंच ढोलासारखी वाजली.

"मागची भिंत आहे," तो म्हणाला. "तिच्याकडे कोण बघतंय?"

उरलेल्या तीन भिंती त्यानं कॉर्नेल सांगेल तशा केल्या. पट्टा, गोळे, प्लास्टिकचे लांब खिळे, वरून जाळी, मग गिलावा, आणि शेवटी पिस्त्याच्या बर्फीसारखा हिरवा रंग. उत्तरेच्या भिंतीलाही वरून तोच साज चढला. सप्टेंबरअखेर घर असं दिसायला लागलं की पोस्टमन दोनदा पुढे निघून गेला. लुत्सीनानं भर रस्त्यात नवऱ्याच्या गालाची पापी घेतली. भट्टी भंगारात गेली, धुराडं थंड झालं, आणि तळघरात हीट पंप मांजरासारखा गुरगुरू लागला.

आणि घर ऊबदार झालं, हो! बाहेर उणे आठ असताना तेक्लाबाईंनी तीनपैकी एक स्वेटर काढला. बोगुमिल आशेनं बघत होता.

"यंदा थंडीच कमी आहे," त्या म्हणाल्या.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी तेक्लाबाई नाश्त्याला खाली आल्या त्या केस विंचरून, सणाचा ब्लाउज घालून. गाल गुलाबी. त्यांनी स्वतःसाठी पेला भरून चहा घेतला, आणखी एक पेला भरला आणि शांतपणे सांगितलं, "फेलिक्स आलाय."

बोगुमिलचा पाव कपात पडला.

"भिंतीतून ठोकतोय. पहाटेपासून. चहा हवा असला की खालच्या शेडमधून असाच ठोकायचा. मला ओळखू येणार नाही का?"

"आई," बोगुमिल जपून म्हणाला, "आमच्या ऑफिसातल्या नोंदीप्रमाणे ते येऊ शकत..."

टेबलाखालून लुत्सीनाची लाथ त्याच्या नडगीवर बसली. तेक्लाबाई दुसरा पेला घेऊन वर गेल्या.

बोगुमिल मागच्या अंगणात धावला. भिंतीच्या पायथ्याशी थर्माकोलचे पांढरे दाणे बर्फासारखे सांडले होते. वर, सासूबाईंच्या खिडकीपासून हातभर अंतरावर, एक सुतारपक्षी भिंतीला लटकला होता. काळी-पांढरी पाठ, शेपटीखाली लाल, आणि चेहऱ्यावर सरकारी कंत्राट मिळाल्याचं समाधान. पोकळ भिंत वाजली की त्याला वाटत होतं, किडलेलं झाड सापडलं. टक-टक-टक! मुठीएवढं भोक आरपार विटेपर्यंत पाडून झालं होतं आणि साहेब दुसऱ्याची आखणी करत होते.

"हुश्श! हुश्श!" बोगुमिलनं पायातला बूट काढला.

"थांब." लुत्सीना मागे उभी होती. तिनं वर बोट दाखवलं. खिडकीची फट उघडी होती आणि आतून तेक्लाबाईंचा आवाज येत होता. त्या भिंतीला गावातल्या दोन वर्षांच्या बातम्या सांगत होत्या. पाद्रीबुवांची नवी मोटार, बेकरीवालीचं तिसरं लग्न, त्या लग्नात कोसळलेला केक. मध्येच टक-टक झालं, आणि तेक्लाबाई हसल्या. अगदी पूर्वीसारख्या, खळखळून.

लुत्सीनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बोगुश, त्या पक्ष्याला हात लावलास तर बघ."

"अगं, पण भिंत..."

"भिंत मागची आहे. तिच्याकडे कोण बघतंय?"

बोगुमिलनं बूट पायात घातला.

पुढचे पंधरा दिवस घरात सण होता. तेक्लाबाई स्वयंपाकघरात परतल्या. त्यांच्या हातचे कार्ताचे, म्हणजे मटण भरलेले बटाट्याचे लांबोडे गोळे, दोन वर्षांनी ताटात आले. बोगुमिलनं एका बैठकीत पाच खाल्ले आणि पट्टा सैल केला. जेवताना त्या बोलत होत्या, टोमणे मारत होत्या, जावयाच्या केसांवरून विनोद करत होत्या. बोगुमिलला हे सगळं किती हवं होतं, ते त्याला आत्ता कळत होतं. मागच्या भिंतीला मात्र आधी एक भोक होतं, मग तीन झाली, मग सात.

आणि मग नगरपालिकेचं पत्र आलं. पुढच्या गुरुवारी दुपारी बारा वाजता तपासनीस ओतिलियाबाई घर बघायला येतील. त्यांच्याकडे उष्णता टिपणारा कॅमेरा असेल. घरातून ऊब कुठून निसटते, ते त्यात लाल दिसतं.

नवरा-बायको स्वयंपाकघरात डोक्याला डोकं लावून बसले.

"सात भोकं म्हणजे सात लाल टिकल्या," बोगुमिल म्हणाला. "मदत तर जाईलच, वर पेपरात फोटो येईल. भूगोलाच्या बाईंच्या घराला भोकं."

लुत्सीनानं बराच वेळ नखं कुरतडली. शेवटी म्हणाली, "बुजव. पण हळू आवाजात."

बोगुमिलनं थर्माकोलची बुचं कापून भोकं बुजवली, वर गिलावा लावला, रंग दिला आणि छपराच्या कडेला बाजारातून आणलेलं प्लास्टिकचं घुबड बसवलं. पहिल्या दिवशी सुतारपक्षी घुबडाच्या डोक्यावर बसून विचार करत होता. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

वरच्या खोलीत शांतता झाली. तेक्लाबाई भरलेला चहाचा पेला तसाच खाली आणू लागल्या. "हो", "नको", "बघू" सुरू झालं. आणि मंगळवारी त्यांनी ब्याविस्तोकला मोठ्या मुलीला फोन केला. "येते तुझ्याकडे. कायमची. इथं आता कोण आहे माझं?"

लुत्सीना रात्रीच्या भांड्यांवर ढसाढसा रडली. मग अचानक नळ बंद करून तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"तू ठोक," ती म्हणाली.

"मी? मी काय ठोकू?"

"बाबांसारखं. बाहेरून. शिडीवर चढून."

"लुत्सीना, मी जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवणारा माणूस आहे. मीच ज्यांच्या दाखल्यावर शिक्का..."

"बोगुश, मी माझी आई मागतेय."

बुधवारी सकाळी, तपासणीच्या आदल्या दिवशी, बोगुमिल खोटं आजारपण कळवून मागच्या भिंतीला शिडी लावून चढला. बाहेर उणे अकरा. चार दिवसांपूर्वी सुबक बुजवलेलं भोक त्यानं स्क्रू-ड्रायव्हरनं स्वतःच पुन्हा उकरलं (ते करताना त्याला स्वतःचीच दया आली) आणि आत लाकडी चमच्याचा दांडा घालून विटेवर ठोकलं. ठक.

आत खुर्ची सरकली. "फेलिक्स? आहेस?"

बोगुमिलनं ठरवलं होतं, एकदा ठोकलं तर हो, दोनदा ठोकलं तर नाही. सरळ हिशेब. त्यानं एकदा ठोकलं. ठक.

आतून आवाज आला, "असं काय बोलतोस? रागावलायस? बरं, एक सांग. जावयानं हे भिंतीचं काम नीट केलंय का?"

असा प्रश्न रोज थोडाच येतो! बोगुमिलनं जीव ओतून ठोकलं. ठक!

"अगं बाई," तेक्लाबाई म्हणाल्या. "आणि माणूस म्हणून? आपल्या लुत्सीनाला नवरा बरा मिळाला की नाही?"

ठक!! शिडी हलली.

आत उसासा ऐकू आला. बोगुमिलला वाटलं, सासूबाई सुखावल्या. पण रात्री जेवताना त्यांनी त्याच्या ताटात सगळ्यात लहान बटाट्याचा गोळा वाढला आणि डोक्यावरून हात फिरवला, आजाऱ्याच्या डोक्यावरून फिरवतात तसा. "खा बाबा," त्या म्हणाल्या. "असतं एकेकाचं नशीब." लुत्सीनाकडे तर त्या अशा बघत होत्या की जणू तिचं आजच लग्न ठरलंय आणि मुलगा कसा आहे ते आत्ताच कळलंय. कुणाला काहीच उमजेना.

गुरुवारी बोगुमिलचा बेत साधा होता. दहाला शेवटचं ठोकायचं, साडेदहाला भोक बुजवायचं, बाराला तपासनीसबाईंचं हसतमुखानं स्वागत. दहाच्या ठोक्याला तो शिडीवर होता. अंगात सासऱ्यांचा जुना मेंढीच्या कातड्याचा कोट (स्वतःच्या कोटाला चिकट लापी लागली होती), कानांवर बायकोची जांभळी टोपी, हातात चमचा.

"फेलिक्स," आतून आवाज आला, "आता शेवटचं विचारते. मी ब्याविस्तोकला जाऊ का?"

बोगुमिलचा हात हवेत थांबला.

खरं सांगायचं तर गेल्या वीस वर्षांत अनेकदा त्याच्या मनात आलं होतं, सासूबाई एखाद्या दिवशी ब्याविस्तोकला गेल्या तर? बाथरूम मोकळं मिळेल. सूप पिताना कुणी आवाज मोजणार नाही. आणि आता त्याच्या चमच्याच्या एका ठोक्यावर ते होणार होतं. पण त्याला आठवली ती भिंतीआडची खळखळ. त्या हसण्याशिवाय हे घर कितीही गरम केलं तरी गार पडणार, हे त्याला त्या उणे बारा अंशांच्या थंडीत लख्ख कळलं. त्यानं दात आवळले आणि ठोकलं. ठक. ठक.

नाही. जाऊ नका.

आत कपाटाचं दार करकरलं. सूटकेस ओढल्याचा आवाज आला. बोगुमिलला वाटलं, भरलेली सूटकेस रिकामी होतेय. तो शिडीवरच समाधानानं हसला.

"नमस्कार," खालून कुणीतरी म्हणालं. "आपण स्वतःच्याच घराच्या भिंतीत चमचा का घालताय?"

शिडीच्या पायथ्याशी एक ठेंगणी, चष्मेवाली बाई उभी होती. गळ्यात कॅमेरा, हातात फाईल. सकाळचं आधीचं घर लवकर उरकल्यामुळे ओतिलियाबाई दोन तास आधी आल्या होत्या. फाटकापासून इथपर्यंत त्यांनी घराचे फोटो काढतच चाल केली होती.

"मी... तपासत होतो," बोगुमिल म्हणाला. "जाडी. थर्माकोलची."

"चमच्यानं?"

"लाकूड ऊब वाहून नेत नाही," तो म्हणाला, आणि हे कुठून सुचलं म्हणून स्वतःच चकित झाला.

"आणि हे भोक कुणी पाडलं?"

"सुतारपक्ष्यानं."

"पक्षी कुठाय?"

"मी घालवला."

"मग भोक ताजं कसं?" त्यांनी खाली बर्फावर पडलेला स्क्रू-ड्रायव्हर उचलला. "लोक भोकं बुजवण्यासाठी मदत मागतात, सारनासाहेब. पाडण्यासाठी मागणारे तुम्ही पहिलेच."

एवढ्यात घराच्या कोपऱ्यावरून तेक्लाबाई आल्या. डोक्याला रुमाल, अंगात तिन्ही स्वेटर, हातात सूटकेस. मागून लुत्सीना रडत धावत होती. "आई, असं काय गं करतेस! बोगुश, अडव ना तिला!"

"नाही," तेक्लाबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "तुझ्या बाबांना विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, जा."

"काहीतरीच काय!" शिडीवरून बोगुमिल ओरडला. "नाही म्हणाले ते! चांगलं दोनदा ठोकलं..."

छपरावरून बर्फाचा एक गोळा घसरून खाली पडला.

तेक्लाबाईंनी सूटकेस जमिनीवर ठेवली. नजर वर नेली. जावई पाहिला, कोट पाहिला, चमचा पाहिला. "किती वेळा ठोकलं, हे तुला कसं कळलं?"

बोगुमिलनं चमचा पाठीमागे लपवला.

"माझ्या फेलिक्सनं चहासाठी जन्मभर दोनदा ठोकलं," तेक्लाबाई सावकाश म्हणाल्या. "दोन म्हणजे हवा. एक म्हणजे नको."

बोगुमिलनं मनातल्या मनात उजळणी केली. भिंतीचं काम नीट झालंय का? एक. लुत्सीनाला नवरा बरा मिळाला का? एक, आणि तोही शिडी हलेपर्यंत.

"म्हणजे काल," तेक्लाबाईंचा आवाज कापायला लागला, "स्वतःला कुचकामी ठरवलंस ते तू? स्वतःच? एवढा जीव तोडून?"

तो आवाज रडण्यानं नाही, हसण्यानं कापत होता. आधी खांदे हलले, मग तिन्ही स्वेटर हलले, आणि मग त्या सूटकेसवर बसून इतक्या हसल्या की कुंपणापलीकडे कॉर्नेल दारात आला. लुत्सीना रडता रडता हसू लागली. ओतिलियाबाईंना काही कळत नव्हतं, पण चष्मा काढून त्यांनीही डोळे पुसले.

हसू ओसरल्यावर तेक्लाबाईंनी विचारलं, "आणि त्याआधी? ते पंधरा दिवस? तेही तूच?"

बोगुमिल खाली उतरला. खोटं बोलायची आता ताकद नव्हती. "नाही, आई. तो सुतारपक्षी होता. मी लापी नीट लावली नाही, भिंत पोकळ राहिली, म्हणून आला. तुम्ही हसत होतात म्हणून आम्ही सांगितलं नाही."

तेक्लाबाईंनी मान वर करून ते भोक नीट पाहिलं.

"सुतारपक्षी," त्या म्हणाल्या. "तरीच. पाऊण तास बोलले तरी उठून गेला नाही. फेलिक्सनं इतकं कधी ऐकून घेतलं नव्हतं." मग जावयाकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि आजचं दोनदा ठोकलंस ते, मी राहावं म्हणून?"

बोगुमिलनं जांभळी टोपी हातात घेतली आणि मान हलवली.

"तोंडानं सांग. ठोकाठोकीत तुझं काही खरं नाही."

"राहा, आई. जाऊ नका."

तेक्लाबाईंनी सूटकेस त्याच्या हातात दिली. "वर ने. आणि सांभाळून, लोणच्याच्या बरण्या आहेत." मग ओतिलियाबाईंकडे वळून त्या म्हणाल्या, "तुम्ही चला हो आत. थंडीत काय उभ्या? सेन्कच नावाचा केक आहे, घरचा आहे, थरावर थर सुटतात असा."

ओतिलियाबाई आत गेल्या. घर तपासायला त्यांना पाऊण तास लागला आणि केक तपासायला दोन तास. जाताना त्यांनी सांगितलं की तीन भिंती उत्तम आहेत, चौथीच्या पोकळ्या महिनाभरात भरून घ्या, कॉर्नेलच्या देखरेखीखाली. सुतारपक्ष्यासाठी तेक्लाबाईंच्या खिडकीसमोर बर्चचा एक किडका ओंडका टांगायचा सल्लाही त्यांचाच. तो टांगल्यावर चार दिवसांत पक्षी आला, आणि बेकरीवालीच्या लग्नाची राहिलेली हकिगत त्यानं सबंध ऐकून घेतली.

नाताळच्या आधी नगरपालिकेचा लिफाफा आला. मदत मंजूर. सोबत त्या खास कॅमेऱ्यातून काढलेला उत्तरेच्या भिंतीचा फोटो होता. लुत्सीनानं तो टेबलावर पसरला. सगळी भिंत गार, निळीशार. आणि मधोमध, शिडीच्या टोकाला, हातपाय पसरलेला एक लालभडक डाग. डागाकडे बाण काढून ओतिलियाबाईंनी शेरा लिहिला होता, तो तेक्लाबाईंनी चष्मा चढवून मोठ्यानं वाचला:

"उत्तरेच्या बाजूला ऊब मोठ्या प्रमाणावर वाया जाताना आढळली. जवळून पाहता तो घरमालक निघाला. दुरुस्ती शक्य नाही."